निकोलासाचा मुलगा परत आला

सान साल्वादोर, १२ मार्च १९८४

प्रिय ऑर्तेन्सियाताई,

आम्ही सगळे सुखरूप आहोत. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या स्वयंपाकाच्या निकोलासाबाईंच्या विल्बरला सैनिकांनी बसमधून उतरवून भरतीला नेलं. तुझ्या मेहुण्याला, अन्सेल्मोला म्हटलं, "भरतीच्या कर्नलला एक फोन कर." तर म्हणे, "आमदारानेच असं केलं तर लोक काय म्हणतील?" साखर कारखानदाराच्या पोरासाठी यानेच फोन केला, तेव्हा लोक कुठे गेले होते? त्याच संध्याकाळी "घरटी एक मुलगा द्या" असं भाषण ठोकून आला आणि निकोलासाबाईंकडेच मक्याच्या गरम, सारण भरलेल्या पुपुसा मागितल्या. त्यांनी त्या वाढल्याही. ते ताट भिंतीवर फेकावंसं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी आमदारांचा निरोप म्हणून मीच कर्नलला फोन केला. विल्बर सुटला. पुन्हा उचलू नयेत म्हणून गुरुवारी त्याला तुझ्याकडे पाठवतेय, सांभाळ.

अन्सेल्मो चिडलासुद्धा नाही. "यादी भरावीच लागते," म्हणाला. "त्याच्याऐवजी दुसरा उचलला असेल."

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी पुन्हा कर्नलला फोन करून त्या दुसऱ्या मुलाचं नाव विचारलं.

"आमदारसाहेबांना हवंय का, बाई?"

"नाही, मला हवंय."

त्याने फोन ठेवला.

तुझी,
एउखेनिया