एका हाताने उचलता येणारी दांडी

माकुणसार
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रेमलास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यावर तू भांडतेस, म्हणून लिहितो. शेजारची दीपिका रोज बोईसरला नोकरीला येते, तिच्या हाती पत्र देतो आहे. उत्तरही तिच्याकडेच दे.

बोलेरोमागे ओढून न्यायची आपली चाकांवरची खोली तयार झाली. तुमच्या एमआयडीसीतल्या अंकुशने काम सुबक केलं आहे. आत पलंग, छोटा ओटा आणि मुख्य म्हणजे संडास. तुझ्या वहिनीला दर अर्ध्या तासाने जावं लागतं आणि त्या धास्तीने चार वर्षांत ती सफाळ्याच्या पलीकडे गेली नव्हती. नाशिकला तिची आई एक्याण्णव वर्षांची. हल्ली अंथरुणावरून रोज हिचंच नाव घेते असं मेव्हण्याने कळवलं आहे. दोघींची भेट घडवायची, यासाठी हा सगळा खटाटोप.

आता प्रश्न आहे तो बोलेरो आणि खोली जोडण्याचा. बोलेरोच्या मागे लोखंडी गोळा आणि खोलीच्या दांडीला त्यावर बसणारी वाटी, एवढं झालं. खोली डुलू नये म्हणून अंकुश घर्षणाची एक दांडी लावायला सांगतो. आमचा मुलगा हर्षित पुण्याहून इंटरनेट बघून सांगतो की स्प्रिंगच्या दोन दांड्या घ्या, म्हणजे भार चारी चाकांवर वाटला जातो. मला दोन्ही नकोत. मी पाण्याची टाकी, बॅटरी, गॅस सगळं खोलीच्या मागच्या टोकाला नेऊन बसवलं. आता ती पुढची दांडी मी या वयात एका हाताने उचलतो. गाडीवर भारच नाही, तर वाटायचा कसला?

परवा वरई फाट्यापासून मनोरपर्यंत नेऊन आणली. इतकी छान चालली की तुझी वहिनी बसल्या जागी झोपून गेली. तीस तारखेला निघतो. जव्हारवरून, घाटाने.

तुझा,
दादा


बोईसर
१५ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चार पानं भरून स्वतःचं कौतुक करायची तुझी सवय गेली असं वाटलं होतं, पण पानंच कमी झाली आहेत.

वहिनी आईला भेटणार याचा मला फार आनंद झाला. पण दादा, एक खटकलं. शाळेत असताना गणित चुकलं की तू वही दाखवायच्या आधीच पेपर सोपा होता म्हणायचास. मनोरपर्यंत खोली कशी चालली हे तू एका ओळीत उरकलंस. वेग किती होता, बाजूने एखादा कंटेनर गेला तर काय होतं, काहीच लिहिलं नाहीस. मला एवढंच कळव, खोली डुलली का? हो किंवा नाही. जीव टांगणीला लागला आहे.

तुझी,
प्रेमला


माकुणसार
१९ जानेवारी

प्रिय प्रेमलावन्संना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र यांनी दोनदा वाचलं आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिलं. उत्तर लिहीत नाहीत. दुपारी खोलीपाशी जातात, दांडी उचलतात, खाली ठेवतात, परत उचलतात. म्हणून मीच लिहिते आहे. हे पत्र त्यांना दाखवू नका.

त्या दिवशी मनोरच्या अलीकडे एक मोठा कंटेनर बाजूने गेला. त्याच्या वाऱ्याने खोली डुलायला लागली. आधी थोडी, मग वाढतच गेली. बाजूच्या आरशात खोली एकदा दिसायची, एकदा गायब व्हायची. यांनी घाबरून ब्रेक दाबला तशी ती जास्तच उसळली. आम्ही शेजारच्या लेनमध्ये फेकलो गेलो. मागचा ट्रक हॉर्न वाजवत अगदी अंगावर आला होता. कशीबशी गाडी सावरून यांनी ती कडेला घेतली.

यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी डोळे मिटून घेतले आणि मान टाकली. मी जागी होते हे कळलं असतं तर यांनी तिथेच बेत मोडला असता. वन्सं, आईकडे फार दिवस उरलेले नाहीत. मला मरणाची भीती वाटत नाही असं नाही. पण तिचं तोंड न बघता ती गेली, तर पुढे मी कशी जगू?

काय करायचं ते तुम्हीच ठरवा. फक्त माझं नाव घेऊ नका. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुमची,
वहिनी


बोईसर
२३ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

दादा, वहिनी त्या दिवशी झोपली नव्हती. तिने सगळं पाहिलं. तिने मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी तिचा शब्द मोडते आहे. तुला रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, तिच्यावर नको.

काल मी एमआयडीसीत अंकुशकडे जाऊन आले. टाकी त्याने पुढे बसवली होती, तूच ती मागे नेलीस. त्याचेच शब्द देते: "मावशी, मी काकांना बोललेलो, वजन पुढं पायजे. काका बोलले, बैलाच्या खांद्यावर भार द्यायचा नाय, आमच्या बापाने शिकवलंय. आता बापाचं नाव काढल्यावर मी काय बोलू?"

ते ऐकून मला रडू आलं. आपल्या तात्यांनी तसं केलं होतं ते एकाच वर्षी. चांद्या बैलाचा खांदा सुजला होता, म्हणून भाताची पोती मागे सरकवून गाडी भरायचे. मागे जड झालेल्या त्या गाडीला ते उलाळ म्हणायचे, आणि जू वर उठू नये म्हणून स्वतः ते धरून पुढे चालायचे. बाकी सगळी वर्षं त्यांनी भार थोडा पुढे घेऊन जू दाबलेलंच ठेवलं. तू नेमकं तेच एक वर्ष लक्षात ठेवलंस, कारण चांद्या तुझा लाडका होता. पण चांद्या चालायचा, बोलेरो पळते. आणि बोलेरोला खांदा नाही रे.

अंकुश म्हणाला की सामानासकट खोली सातशे किलोची आहे, तर गोळ्यावर सत्तर-पंचाहत्तर किलो भार हवाच. टाकी आणि बॅटरी चाकांच्या पुढे घे, जड सामान खाली ठेव आणि दांडीखाली वजनकाटा लावून बघ. एवढं करून बोलेरो मागून खाली बसली, तरच हर्षितच्या स्प्रिंगच्या दांड्या घ्यायच्या. नाहीतर घर्षणाची एक दांडी पुरे. गाडी मागे घेताना ती सैल करायची. पण भार पुढे न आणता नुसती दांडी लावलीस, तर ती तुला खोटा धीर देईल, असं तो दोनदा म्हणाला. खोली डुललीच तर ब्रेक दाबू नकोस. पाय ॲक्सिलरेटरवरून काढ आणि स्टिअरिंग सरळ धर.

हे सगळं झालं नाही तर तीस तारखेला मी तुझ्या गेटसमोर खुर्ची टाकून बसेन. मला एकच भाऊ आहे.

तुझी,
प्रेमला


नाशिक
१ फेब्रुवारी

चि. सौ. प्रेमलास अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. खुर्ची टाकायची वेळ आली नाही.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी खोलीकडे फिरकलो नाही. राग आला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी टाकी आणि बॅटरी पुढे आणली. काटा त्र्याहत्तर दाखवतो. आता दांडी दोन्ही हातांनीही उचलवत नाही, खाली जॅक लावावा लागतो. बोलेरो मागून जेमतेम दोन बोटं बसली, म्हणून अंकुशने एकच घर्षणाची दांडी बसवली. तात्या जू का धरून चालायचे, हे मी इतकी वर्षं कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

निघण्याआधी पुन्हा मनोरपर्यंत एकटाच जाऊन आलो. दोन कंटेनर शेजारून गेले, खोली जागची हलली नाही. तीस तारखेला जव्हारच्या घाटात पन्नासच्या वर गेलो नाही. तुझ्या वहिनीसाठी सहा वेळा थांबलो. सासूबाईंनी लेकीला ओळखलं. उशीर का केलास म्हणून रागावल्यासुद्धा. दोघी सध्या एकमेकींचा हात सोडत नाहीत.

तुझ्या वहिनीला मी त्या दिवसाबद्दल अजून एक अक्षर विचारलेलं नाही. विचारायचं राहिलंही नाही. यावेळी मोखाड्याच्या पुढे तिला खरंच झोप लागली. तोंड उघडं टाकून ती त्र्यंबकपर्यंत घोरत होती. एकोणचाळीस वर्षं तिच्या शेजारी झोपलेल्या माणसाला मनोरलाच कळायला हवं होतं, की त्या दिवशी ती घोरत नव्हती.

तुझा,
दादा