उद्घाटनाच्या चेंडूने गेलेल्या डोळ्याबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
नगर कार्यालय, तळमजला.

विषय : आपण मारलेल्या चेंडूने माझ्या यजमानांचा उजवा डोळा गेल्याबाबत व त्याची भरपाई त्याच मापाने मिळण्याबाबत.
संदर्भ : आपला चौकशी अहवाल. (चौकशी आपली, साक्ष आपली, सहीही आपलीच.)

महोदय,

१. अर्ज करते की, मैदानाच्या कुंपणाला लागून असलेले घड्याळदुरुस्तीचे दुकान आमचे आहे. माझे यजमान खिडकीशी टेबल लावून, डोळ्याला भिंग चढवून काम करतात. करीत होते. मैदानाच्या उद्घाटनाच्या दिवशीही ते तिथेच बसले होते, कारण त्यांना उजेड लागतो, भाषणे लागत नाहीत.

२. उद्घाटनाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. क्रिकेटचा चिटणीस हाताखालून एक चेंडू सोडतो, पाहुणा बॅट नुसती पुढे करतो, चेंडू दोन हात सरपटतो, टाळ्या होतात, पाहुणा चहाला बसतो. मग फुटबॉललाही तसाच एक पाय लावायचा. पण फोटोवाल्याला घाई. तो म्हणाला, "साहेब, दोन्ही चेंडू एकाच फोटोत येऊ द्या, झकास दिसेल!" म्हणून फुटबॉलच्या चिटणिसाने आपल्या पुढ्यात फुटबॉल उंच उडवला आणि आपण त्याच घडीला बॅट फिरवली. आमच्या बाजूची जाळी फोटोत आडवी येते म्हणून आपल्याच हुकमाने आदल्या दिवशी उतरवलेली. क्रिकेटचा तो दगडासारखा सीझनचा चेंडू फुटबॉलवर आपटला, तिरका फिरला आणि खिडकीची काच फोडून सरळ भिंगावर. भिंग कुठे गेले ते लिहीत नाही. डॉक्टरांनी चिमट्याने वेचले.

३. अहवालात आपण लिहिता, "मान्यवरांनी चेंडू हळूच टोलवला. पुढे दोन चेंडूंची हवेत टक्कर होऊन दिशा बदलली. हा निसर्गनियम असल्याने कोणासही जबाबदार धरता येत नाही." मान्यवर कोण, ते लिहायच्या वेळी शाई संपली असावी. क्रिकेटचा चिटणीस म्हणतो, आमचा चेंडू सरळ चालला होता. फुटबॉलचा म्हणतो, आमचा तर हवेत निमूट होता. आपल्या कार्यालयात विचारायला गेले तर कारकून हसून म्हणतो, "आजी, चेंडूला का डोळे असतात?" मी म्हटले, "नाहीत रे बाबा. मारणाऱ्याला असतात. सध्या दोन आहेत."

४. निसर्गनियम मला कुणी शिकवले नाहीत, शाळा माझी तिसरीतच सुटली. म्हणून अंगणात करून पाहिले. मोठ्या सुनेने फुटबॉल उडवायचा, मी कपडे बडवायच्या धोपाटण्याने सीझनचा चेंडू मारायचा. हळू मारला की तो फुटबॉलला टेकतो आणि पायाशी पडतो. जोर लावला की फुटबॉलला खळगा पडतो, आतली हवा दबते आणि चेंडूला भिरकावून देते. असा पहिला फटका धाकट्या जावेच्या पत्र्यावर गेला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, तेवढेच बरे झाले. तर साहेब, आमच्या अंगणातून तिचा पत्रा जेवढा लांब, त्याहून आपण उभे होतात तिथून आमची खिडकी कितीतरी लांब आहे. "हळूच" हा शब्द आपण कुठून आणलात?

५. आपल्या शिपायाने आणलेली फळांची करंडी तशीच परत पाठवली, पोचली असेल. ह्यांना आता एका डोळ्याने जवळ-लांब कळत नाही. स्क्रू उचलायला जातात आणि चिमटा शेजारी टेबलावर टेकतो. पुन्हा जातात, पुन्हा टेकतो. मग चिमटा खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून बसतात, गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणतात. हे मी रोज बघते. आपण रोज तो फोटो बघता. आपल्या खुर्चीमागे टांगला आहे, मी पाहिला. छान हसला आहात.

६. पुढच्या महिन्यात आपण याच आवारात टेनिसचे मैदान उघडणार असल्याचे फलकावर वाचले. विनंती की, त्या दिवशी पहिला चेंडू मला मारू द्यावा आणि आपण आमच्या खिडकीशी, ह्यांच्या खुर्चीत, डोळ्याला भिंग लावून बसावे. भिंग आम्ही देऊ. चेंडू सीझनचाच हवा. टेनिसचा भिंतीवर मारून पाहिला, चपटा होतो आणि मुकाट्याने परत येतो, त्याने काही साधत नाही. जाळी काढलेली असावी. फोटोवालाही तोच बोलवावा. भिण्याचे कारण नाही, मी हळूच टोलवीन.

७. नकार द्यायचा असल्यास शिपायाच्या हाती पाठवू नये. स्वतः यावे आणि खिडकीसमोर उभे राहून वाचून दाखवावा. काच मी मुद्दाम अजून बसवलेली नाही. ह्यांना उरलेल्या डोळ्याने आपल्याला एकदा नीट बघायचे आहे.

नम्र लिहायची पद्धत आहे म्हणून नम्र,
(सही)
घड्याळजींची बायको

दिनांक : आजचा. उत्तराचा आपण घालावा.

सोबत : डॉक्टरांचा दाखला. चेंडू जोडलेला नाही, सरावाला लागतो.