चोवीस वाटे

१८ ऑगस्ट, सोमवार

दुपारी डोळा लागला आणि बेल वाजली. दारात नन! पांढरी साडी, पायात गमबूट, बगलेत ओली फाईल. मला वाटलं शाळेची देणगी असणार. तर म्हणाल्या, "माधवराव आपणच ना? आपण लिहिलेला अर्ज परत येत नाही, असं वडगावच्या कचेरीत ऐकलं." खुशामत बरोबर नेमक्या जागी!

नाव सिस्टर ब्रिजिट तुस्कानो. मूळच्या वसईच्या, वडिलांची होडी होती. शिरदेवाडीच्या तलावावर कातकऱ्यांची चोवीस घरं आहेत, त्यांच्या कामासाठी आल्या होत्या. धरण झालं तेव्हा त्यांची वस्ती पाण्याखाली गेली, तेव्हापासून त्याच पाण्यातल्या माशांवर पोट. पण गेली पाच वर्षं तलाव बाहेरच्या एका ठेकेदाराकडे. आता मुदत संपतेय. या लोकांची संस्था नोंदली गेली तर तलाव त्यांना मिळू शकतो, नाहीतर पुन्हा ठेकेदारच. संस्थेचा अर्ज तीनदा परत आलाय.

मी म्हटलं, मी निवृत्त आहे. त्या म्हणाल्या, बरं, फाईल तेवढी ठेवून जाते.

बायकोचं, नीरजाचं, मत — बाटवाबाटवीचा प्रकार असणार. माझंही तेच.

१९ ऑगस्ट

अर्ज वाचला. भिकार! विषय नाही, संदर्भ नाही, शेवटी "कृपा व्हावी". हक्क मागताना कृपा कसली? लाल पेन काढलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

सिस्टरांच्या स्कूटरवर मागे बसून शिरदेवाडीला गेलो. सदुसष्टाव्या वर्षी, ननच्या मागे, भुशी धरणाच्या गर्दीतून! निम्मं लोणावळं हसलं असेल.

वाडीत पोचलो तर काठावर जळकं जाळं. ठेकेदाराचा राखणदार निलेश, कार्ल्याकडचा तिशीचा गडी, मोटारबोट घेऊन फिरतो. हे लोक ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. परवा त्यानं तीन ट्यूबा फाडल्या आणि भामाबाईचं जाळं पेटवलं. भामाबाई विधवा, साठीच्या पुढची. रडत नव्हती. जळलेल्या जाळ्याचा धड राहिलेला भाग कापून वेगळा काढत बसली होती.

वाडीतले जाणते दत्तोबा. दोन्ही डोळे गेलेले. सिस्टर लांब असताना मी त्यांना सरळच विचारलं, बाईंनी देव बदलायला सांगितलं का? म्हातारा हसला. "वाघोबा हाय की आमचा हितंच. बाई आल्या का येकच इच्यारत्यात — रेशनकार्ड झालं का?"

परत येताना सिस्टरांना विचारलं, तुमचा धर्म सांगतो तरी काय? त्यांनी स्वतःची एक वही वाचायला दिली.  

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. घरात मखराचा पसारा, आणि मी सिस्टरांची वही वाचत बसलोय. त्यांच्या धर्मात समाजाविषयी जी शिकवण आहे, ती त्यांनी स्वतःसाठी मराठीत उतरवून ठेवलेली. मुद्द्यांना क्रमांक आहेत. पाहूनच बरं वाटलं!

क्रमांक तीन — पाणी, जमीन, समुद्र हे देवानं सगळ्यांसाठी केलं, मालकी नंतरची. क्रमांक पाच — खालची माणसं जे काम नीट करतात ते वरच्यांनी हिसकावू नये. क्रमांक सात — निर्णय घेताना आधी गरिबाकडे बघावं. तेहतीस वर्षं कचेरीत काढली, पण कुठल्या परिपत्रकात हे इतकं स्वच्छ लिहिलेलं वाचलं नाही. समासात मात्र सिस्टरांनीच पेन्सिलीनं लिहिलंय, "हे मी बोलते. करते का?"

माणूस असा असावा. मला हे लिहायला संकोच वाटतो, पण असा असावा.

९ सप्टेंबर, मंगळवार

सभासदांची यादी. घरटी एक नाव, चोवीस नावं. नियम साफ आहे: सभासद प्रत्यक्ष मासेमारी करणारा हवा. म्हणून मी चार नावं कापली. आंधळे दत्तोबा, पाण्यात न जाणारी भामाबाई, गुडघे गेलेली कस्तुराबाई, आणि निवृत्ती, जो दोन वर्षं लकवा होऊन खाटेवर आहे.

वीस जणांनी अंगठे द्यायला नकार दिला! माशांचे वाटे चोवीस पडतात, तर नावं चोवीस. बस्स. तासभर डोकं फोडलं. शेवटी वैतागून चारही नावं परत घातली आणि सिस्टर लांब गेल्यावर हळूच सांगितलं की पडताळणीला नोंदणीच्या साहेबांनी विचारलं तर पाण्यात जातो म्हणायचं. सगळे माना डोलावत होते. मला वाटलं, समजलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वडगावला नोंदणी कचेरीत सभासदांची पडताळणी. सगळं बुडालं.

साहेबांनी भामाबाईला विचारलं, मावशी, मासे धरायला जाता का? ती म्हणाली, "न्हाई. धनी बुडाला तवापासनं पाण्यात पाय न्हाई घातला. पर वाटा असतो माजा." इतकं शांतपणे! ठेकेदाराचा वकील तिथंच हसला आणि हरकत लिहून दिली — सभासद बोगस. उत्तराला वीस दिवस. पटलं नाही तर अर्ज निकाली, आणि तलाव पुन्हा ठेकेदाराला.

एसटीत मी भामाबाईवर चरफडत होतो. सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माधवराव, तुम्ही त्यांना खोटं बोलायला सांगितलं होतंत?"

मी हो म्हटलं. 

१९ सप्टेंबर

लाल पेन खणात टाकून दिलं. 

२७ सप्टेंबर, शनिवार

सिस्टरांचा फोन. उद्या पहाटे वाडीवर याल का? नऊला चर्चमध्ये मिस्सा आहे, त्याआधी परत सोडते. मी तोंडातल्या तोंडात हो म्हटलं. राग त्यांना नव्हताच, तो माझ्याकडेच पडून होता.

२८ सप्टेंबर, रविवार

नवरात्रात, पहाटे सहाला, जन्मात मासा न खाल्लेला मी माशांच्या ढिगापाशी उभा!

रात्रभर जे मिळालं ते सगळं एका ताडपत्रीवर ओतलं. भामाबाईनं वाटे लावले. मोठा मासा इकडे, दोन लहान तिकडे, हातानं अंदाज घेत, पुन्हा बदलत. चोवीस. मग दत्तोबा ढिगांकडे पाठ करून बसले. आंधळ्याला पाठ कशाला? विचारलं तर म्हणाले, रीत हाय. भामाबाई एका वाट्यावर बोट ठेवून विचारणार, "ह्यो कुणाचा?" आणि दत्तोबा एक नाव घेणार. ज्याचं नाव, त्याचा वाटा. मोठा का लहान, तक्रार नाही. कोण पाण्यात गेलं, कोण नाही, याची चौकशी नाही. निवृत्तीचं नाव आलं तेव्हा त्याची बायको अनिता टोपली घेऊन पुढं झाली आणि कुणी वळूनही पाहिलं नाही.

मी विचारलं, दत्तोबा, तुमची पंचाईत होत नाही, कुणाला कमी गेलं तर? ते म्हणाले, "म्हनून तर आंधळ्याला बशिवलंय, आबा."

आबा! आतापर्यंत साहेब होतो.

सिस्टर जरा मागे उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझी वही यांनी वाचलेली नाही."

आणि तिथंच माझ्या मठ्ठ डोक्यात शिरलं. ही चार माणसं बिनकामाची नाहीत. मी कामाचा रकानाच केला नव्हता!

२९ सप्टेंबर, सोमवार

नवीन यादी केली. चौथा रकाना — काम. भामाबाई: जाळी विणणे, दुरुस्ती, वाटे लावणे. कस्तुराबाई: कार्ल्याच्या फाट्यावर मासेविक्री. दत्तोबा: वाटपाचे वेळी नावे घेणे. निवृत्तीपाशी पेन थांबलं. तो काहीच करत नाही. पडून असतो.

मग आठवलं. शहाण्णव साली मला कावीळ झाली होती. चार महिने घरी. हजेरीपटावरून कुणी माझं नाव खोडलं नव्हतं. साहेब स्वतः मोसंबी घेऊन आले होते.

निवृत्ती: आजारी, रजेवर.

असं वाक्य मी नोकरीत कधी लिहिलं नाही. ऊर भरून आला, खरंच.

८ ऑक्टोबर, बुधवार

साहेबांना विनंती केली की उत्तर कागदावर नाही, काठावर देतो. माणूस सज्जन, भल्या पहाटे आला. पाऊण तास उभं राहून वाटे बघितले. वकील म्हणाला, हा धर्मादाय झाला, मासेमारी नव्हे. साहेबांनी दत्तोबांना विचारलं, रजेवरचा माणूस परत आलाच नाही तर?

"तर त्याची बायको-पोरं हायेतच की. उद्या मी पडलो तर माजं नाव कोन घेनार?"

साहेबांनी यादी मागून घेतली. तेवढंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आदेश आला! चोवीसच्या चोवीस नावांसकट संस्था मंजूर, तलाव पाच वर्षं त्यांच्याकडे. मी वाचून दाखवला, दोनदा. सिस्टर पदरात तोंड लपवून रडल्या. मीही डोळे पुसले, लपवत बसलो नाही.

ठेकेदार बोटी उचलून गेला. निलेशला पगार न देता तसाच मागे टाकून. काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो, बायको, तान्ही मुलगी. बरं झालं, असं मला वाटलं. खोटं कशाला लिहू?

जाळं जाळलं त्याची पोलिसांत तक्रार करायची आहे. मसुदा तयार ठेवलाय, सव्वादोन पानं, एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही. सिस्टरही म्हणाल्या, द्या, न्याय तो न्याय.

२३ नोव्हेंबर, रविवार

संस्थेनं पहिल्यांदा जाळं ओढलं. भामाबाईनं वाटे लावले. मी मोजले. पंचवीस! पुन्हा मोजले, पंचवीसच. जास्तीचा कुणाचा हे मला लगेच कळलं. शाकाहारी माणसानं मान न दुखावता नाही कसं म्हणायचं, याची मी मनात जुळवाजुळवही केली. चोवीस नावं संपली. भामाबाईनं शेवटच्या वाट्यावर बोट ठेवलं. ह्यो कुणाचा?

"निलेशचा," दत्तोबा म्हणाले. "तानं पोर हाय घरात."

 सिस्टर खाली मातीतच बसल्या. मी तक्रारीची सव्वादोन पानं पिशवीच्या तळाशी सारली, भामाबाईकडून त्या वाट्याची टोपली घेतली आणि पत्र्याच्या शेडकडे निघालो.