फरशीतली एकच वाट

मास्तर, तुमच्या लाकडी पट्टीचा ठेका अजून कानात आहे. आम्ही चक्रव्यूहाची कविता चालीवर म्हणायचो आणि तुम्ही टेबलावर ताल धरायचात. त्या दिवशी शेवटच्या कडव्यापाशी मी अडलो, ठेका थांबला. "आत शिरलास खरा, आता बाहेर कसा येणार रे?" वर्ग हसला. मी तसाच खाली बसलो.

परवा लीड्सहून ट्रेननं एका जुन्या चर्चला गेलो. तिथं फरशीत काळ्या-पांढऱ्या दगडांची गोल वळणावळणांची वाट आहे. फरशी अलीकडची, पण नमुना मध्ययुगातल्या फ्रेंच चर्चचा, असं तिथल्या एका वयस्क बाई सांगत होत्या. काही ठिकाणी मधोमध राक्षस काढलेला असे, मृत्यूचं प्रतीक म्हणून. ज्यांना जेरुसलेमला जाणं जमत नसे त्यांची ही यात्रा, असंही पुष्कळजण मानतात. मी सवयीनं बूट काढले आणि प्रदक्षिणेसारखा, मध्य उजव्या हाताला ठेवून चालू लागलो. थोड्या वेळानं वाट उलटी वळली, मध्य डावीकडे आला. मला कसंसंच झालं. दोन वळणांमधली रेघ ओलांडून पुन्हा उजवं साधलं. तिसऱ्यांदा ओलांडताना बाई हसून म्हणाल्या, इथं चुकायला जागाच नाही, रेघ ओलांडलीत तरच चुकाल. जी वाट आत नेते तीच बाहेर आणते. मग पहिल्यापासून चाललो. मध्य हाताशी आला आणि वाटेनं मला पार कडेला नेऊन सोडलं. तिथूनच ती आत वळत होती.

कडेला उभा असताना मुलगी आठवली. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलची नोकरी सोडून ती साउथहॅम्प्टनला क्रूझवर काम करायला निघाली. किचनमध्ये, चहा गाळता गाळता मी म्हणालो, "गेलीस तर परत येऊ नकोस." ती म्हणाली, "ओके बाबा." तेव्हापासून नुसते वाढदिवसाचे मेसेज. परवा घरी आल्यावर फोनवर 'घरी ये' लिहिलं आणि पुसलं. काल पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, हे पत्र टाकायचं तरी कुठे? पण एक सांगून टाकतो. ते कडवं मला येत होतं. त्यात बाप मुलासाठी रडतो. म्हणताना आवाज फुटेल म्हणून मी विसरल्याचं सोंग केलं. अजून तेच करतोय.

बेल वाजतेय. आज तर कुणी यायचं नव्हतं. दाराच्या काचेपलीकडे मोठी निळी बॅग दिसतेय, आणि अडखळत्या मराठीत कुणीतरी विचारतंय, "बाबा, मी आत येऊ?"

थांबतो, मास्तर. कडवं म्हणायचंय.