रविवारी रेकॉर्डी विकत नाहीत

लॉरेल फोर्क, केंटकी
१० ऑक्टोबर १९७३

प्रिय मर्टल,

तुझं पत्र पोचलं. माझ्यासाठी वरची खोली रंगवलीस, पडदेसुद्धा लावलेस, वाचून भरून आलं. तुझ्या होमरची कंबर आता कशी आहे? इकडे सगळं ठीक. यंदा ज्वारीची काकवी झकास उतरली आहे, दोन बरण्या तुझ्या नावानं ठेवल्यात. दादा, डेटनला कायमचा राहायला कधी येतोस, असं तू पुन्हा विचारलं आहेस. त्याच्याकडे वळतोच, पण आधी एस्को टॅकेटची बातमी ऐक.

हसू नकोस. एस्कोच्या अगदी पहिल्या रेकॉर्डी मला सापडल्या! तीन बोटांनी बँजो असा पळवणारा आपल्या खोऱ्यातला तो पहिलाच. पुढे ज्यानंत्यानं त्याची नक्कल केली, पण ही मूळ चीज. तो शाळेत वाजवायला आला होता तेव्हा तू पायानं ठेका धरला होतास आणि माझी ओपल कानांवर हात ठेवून बसली होती, आठवतं? शाळेच्या बसची नोकरी संपल्यापासून मी दारोदार विचारत हिंडतोय, माळ्यावर जुन्या रेकॉर्डी आहेत का म्हणून. बहुतेक घरांत प्रार्थनागीतं निघतात, नाहीतर कुत्रं अंगावर येतं.

डेल्फा स्लोनकडे मात्र खोकंभर निघाल्या. शाळेत स्वयंपाक करते ती. तिचा नवरा, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, कोळसा कंपनीच्या दुकानात होता. न खपलेला माल त्यानं घरी आणून पलंगाखाली सारलेला. सगळ्या कोऱ्या करकरीत! मी घाईघाईनं पाकीट काढलं.

"ऑर्विल, आज वार कोणता?" ती म्हणाली. "रविवारी माझ्या घरातून काही विकलं जात नाही. ऐकायच्या तर ऐक. आणि पाय पुसून आत ये."

तेव्हा ऐकल्या. एस्को त्या रेकॉर्डींत इतका तरुण आहे गं! एका गाण्यात त्याचा सूर चुकतो, तो हसतो आणि तसाच पुढे गात सुटतो. मी खुर्चीतून उडालोच. पुढच्या खेपेला पुन्हा पैसे घेऊन गेलो, तर तोही नेमका रविवारच निघाला.

उन्हाळाभर हेच चाललं. ती घेवडा शिजवते, लोखंडी तव्यात मक्याचा पाव भाजते, मी रेकॉर्डी लावतो. एकदा तिनं विचारलं, "शनिवारी का येत नाहीस? दिवसभर घरीच असते मी."

"शनिवारी मला काम असतं."

"रिकामटेकड्या माणसाला कसलं काम?"

"रविवारची दाढी," मी म्हटलं. ती इतकी हसली की हातातला डाव खाली पडला.

मध्येच तिनं विचारलं, "ओपलला आवडलं असतं का रे हे?" मी म्हटलं, छे, तिनं खोकं ओढ्यात टाकलं असतं. आम्ही दोघं हसलो. मर्टल, ओपल गेल्यापासून तिचं नाव घेऊन मी पहिल्यांदाच हसलो. तिला विसरलो असं समजू नकोस. त्या दिवशी ती घरभर होती.

काल पोस्टात कळलं की सिनसिनाटीचा एक व्यापारी रेकॉर्डी गोळा करत डेल्फाच्या घराकडे गेला आहे. गाडी अशी हाणली की वळणावर ओढ्यात जायची राहिली. फाटकाशी पोचतो तर तो चेहरा पाडून बाहेर येतोय, हात रिकामे.

"काका," तो मला म्हणाला, "तुमच्या मिसेसना जरा समजवा. म्हणाल ती किंमत देतो म्हटलं, तर म्हणतात, आमच्या ह्यांना विचारल्याशिवाय एकही मिळणार नाही."

मी फाटक धरून उभाच राहिलो. दारात डेल्फा, कानांपर्यंत लाल झालेली.

"घरात विचारून सांगतो," मी त्याला म्हटलं. तो निघून गेला.

"मग विचार की," डेल्फा म्हणाली.

मी विचारलं. रेकॉर्डींचं नाही. ती हो म्हणाली, आणि वार मंगळवार होता!

तर बाई, डेटनला मी येत नाही. एवढं एक वाक्य लिहायला तीन पानं खर्ची पडली, कारण ओपल माझी बायको होण्याआधी तुझी मैत्रीण होती. बाकी गाव काय बोलेल ते बोलो, तुझं मन दुखावलं तर मात्र मला सुखानं घास जायचा नाही.

लग्न नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी. आपल्याकडे लग्नाच्या केकचा एकेक थर एकेका घरून येतो, ते तुला मी काय सांगणार. काल रात्री डेल्फानं बायकांची नावं काढली आणि सगळ्यात खालचा थर, ज्याच्यावर बाकीचे रचायचे, तो कुणालाच दिला नाही. मी विचारलं, हा कुणाचा? म्हणाली, "तुझ्या बहिणीचा. तिनं आणला नाही तर केक रचायचाच नाही."

वाट पाहतोय,
तुझा दादा
ऑर्विल