मणका मोडला, जीभ नाही

४ मार्च

मोडलाच! आत्याचा मणका. पंखा पुसायला स्टुलावर चढली, स्टूल कललं, थेट बुडावर आपटली. मग 'उसण भरलीय' म्हणत शेकत पडून राहिली, कोणाला हात लावू दिला नाही. आज एक्स-रेत दिसलं — पाठ आणि कंबर जुळते तिथला मणका फुटलाय.

घरात शिकलेली मी एकटी, म्हणून डॉक्टरांनी सगळं मलाच समजावलं. मणका फुटला म्हणजे माणूस लुळा पडतोच असं नाही. हाडाचा तुकडा मागे सरकलाय, पण नसांवर दाब नाही. म्हणून सध्या ऑपरेशन नको. पाठीला कडक पट्टा, तो बांधल्याशिवाय उठायचं नाही, हाड हळूहळू जुळेल. फक्त रोज विचारायचं : पाय बधिर होतायत का, लघवीचं कळतंय का. फरक वाटला तर त्याच दिवशी आणायचं. उद्यावर टाकायचं नाही.

आत्या स्ट्रेचरवरून — "आता हिला विचारून माझी पाठ जुळणार का?"

५ मार्च

कुशीवर वळवताना खांदा आणि कंबर एकदम फिरवायची, पाठ पिळवटता कामा नये. मी म्हटलं, "ओंडका वळवतात तसं, आत्या."

"ओंडका तुझी आई!"

आई स्वयंपाकघरातून — "ऐकू येतंय हो, वन्सं!"

मी कॉलेजला निघाले तेव्हा आत्याच म्हणाली होती, पोरगी शिकली की मोठ्यांना अक्कल शिकवेल. आणि आता माझ्याच हातून पट्टा बांधून घेतेय! मला ती आवडत नाही. लिहून टाकलं. खोडणार नाही.

९ मार्च

सकाळचा चहा सगळे तिच्याच खोलीत घेतात. मी नेमाने विचारते — पाय? लघवी?

"ठीक." भिंतीकडे बघून. रोज तेच.

बाबा म्हणतात, "ताई, पोरगी किती करते बघ." ती म्हणते, "करते आणि दाखवते."

१२ मार्च

पाणी पीत नाही. का, तर — "नंतर अंगाखाली भांडं तूच धरणार ना? मग नको पाणी."

नको तर नको! घसा तुझा.

१४ मार्च

चादर ओली होती. ती झोपेचं सोंग घेऊन पडलेली. मी दार लावून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघीच असताना विचारलं.

"कधीपासून?"

"परवापासून. आलेली कळतच नाही."

डाव्या पायाला चिमटा काढला. जोरात. पापणी हलली नाही.

"रोज विचारत होते ना मी!" ओरडलेच मी.

"बापाच्या देखत! तुझा बाप माझा धाकटा भाऊ. त्याला मी अंगावर खेळवलंय. त्याच्यासमोर मुताचं बोलू? एवढी शिकलीस, दार लावून विचारायचं नाही कळलं?"

नाही कळलं. प्रश्न चोख विचारला की झालं, असं वाटलं मला.

तिला फळीवर बांधून नेलं. लगेच आत घेतलं.

१५ मार्च

तुकडा नसांवर येऊन बसला होता. तो काढला. वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू, त्यांना जोडणाऱ्या दोन सळ्या. मणका आता हलणार नाही. उजवा पाय चांगला आहे. डाव्याचं डॉक्टर सांगत नाहीत — "दाब काढलाय. नसा जाग्या होतील की नाही, ते बघायचं."

बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

१७ मार्च

डावा पाय — काही नाही. दार लावून विचारलं.

१८ मार्च

काही नाही. आत्या शिव्याही देत नाही. हे मला सोसवत नाही. पट्टा मुद्दाम वाकडा बांधायला घेतला, तरी गप्प! मग नीट बांधला.

२१ मार्च

आत्याला काल घरी आणलं. आज चादरी धुऊन तशीच आले, हातही पुसले नव्हते. तिचा पाय धरून उशीवर ठेवला.

"मेले, हात आहेत की बर्फ!"

डावा पाय होता.

मग मी पुन्हा हात लावला. पुन्हा शिवी खाल्ली.