हंगेरीचा बॉक्सर उदगीरचा होता

प्रिय अण्णा,

तुला जाऊन वर्ष व्हायला आलं. एवढ्या दिवसांत मी तुझ्याशी मनातसुद्धा नीट बोलले नाही. तुला माहीत आहे माझा स्वभाव. पण आज राहवलं नाही. सकाळी कामासाठी लातूरला गेले होते. बस स्टँडसमोर भला मोठा फ्लेक्स. बळवंतरावांचा फोटो, डोक्यावर फेटा, गळ्यात हार. खाली लिहिलंय, 'हंगेरीच्या बॉक्सरला चारी मुंड्या चीत करणारे लातूरचे भूषण यांचा भव्य नागरी सत्कार.' येत्या रविवारी.

चारी मुंड्या चीत! बॉक्सिंगमध्ये? तू असतास तर पोट धरून हसला असतास. मला हसू आलं नाही. तो हंगेरीचा बॉक्सर म्हणजे उदगीरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, माझा सख्खा भाऊ, हे त्या रस्त्यावर एकालाही माहीत नव्हतं. फक्त फ्लेक्सवरच्या माणसाला माहीत होतं.

तुला आठवतं, सगळा गाव तालमीत जायचा आणि तू एकटा शाळेमागं ड्रिलच्या सरांकडून ठोसे शिकायचास? सर सैन्यातून आलेले. अव्वा आईच्या काळजीनं चिडायची. "मार खायाला शिकावं लागतंय व्हय रे?"

"मार खायाला न्हाई अव्वा, चुकवायला शिकावं लागतंय."

उस्मानाबादला जिल्ह्याच्या स्पर्धेत तू जिंकलास. याच बळवंतला हरवून जिंकलास! पुण्याला राज्याच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचलास. ती तुझी खरी कारकीर्द. तिचा फ्लेक्स कुणी लावला नाही.

मग जिल्हा फुटला. आपलं उदगीर नव्या लातूर जिल्ह्यात आलं, चौकात पेढे वाटले. तू पिशवी भरून उस्मानाबादला निवडीला गेलास, तर ते म्हणाले, तुम्ही आता लातूरचे. लातूरला गेलास, तर तिथं अजून संघटनाच नव्हती. परत आलास आणि दारातच उभा राहिलास. "मंग मी हाय तरी कुठला?"

अव्वा म्हणाली, "माझा हाइस. हात धू, जेवाय बस."

त्या साली पाऊसही आला नाही. दुकानात गिऱ्हाईक नाही, आडात पाणी नाही. अशात एक दिवस बळवंत जीप घेऊन आला. बाप सरकारी कामांचा गुत्तेदार, नवी संघटना त्यांच्याच घरात येणार हे उघड होतं. दारात येऊन त्यानं अव्वाकडं आपल्या घरच्या कानडीत पाणी मागितलं. "नीर कोड्री अव्वा." त्याची आई बिदरकडची. अव्वाला केवढं कौतुक वाटलं! तांब्याभर पाणी दिलं तिनं, त्या दिवसांत.

तो म्हणाला, "जिल्ह्याची टीम मी करनार. तुझं नाव पहिलं. पन आधी लोकांला बॉक्सिंग दाखवावं लागंल. आपल्या आपल्यात खेळलो तर कुत्रं येनार न्हाई. परदेशी मानूस पायजे." आणि तुझ्या घाऱ्या डोळ्यांकडं, गोऱ्या रंगाकडं बघून हसला. "तुला कोन म्हनंल उदगीरचा? रशियाचा म्हनलं तर युनियनवाले हार घेऊन येतील. हंगेरी बरं. हंगेरी कुनी बघितलंय?"

दर सामन्याला थोडी बिदागी आणि अटी दोनच. तोंडातून मराठी शब्द काढायचा नाही आणि तिसऱ्या फेरीत पडायचं. टीमसाठी तू हो म्हणालास. लातूरचा होण्यासाठी हंगेरीचा झालास, अण्णा!

पहिला सामना लातूरबाहेर कोरड्या पडलेल्या तळ्यात झाला. तळाला रिंग, काठावर माणसं. मी तेव्हा लातूरला डी.एड. करत होते, वसतिगृहाच्या मुलींबरोबर गपचूप बसले होते. मागं दोघांचं चाललेलं.

"हंग्री म्हंजी काय रे?"

"इंग्रजीत हंग्री म्हंजी उपाशी."

"मंग त्याला एवढ्या लांबून कशाला आनलं? हितं काय उपाश्यांचा तोटा हाय का!"

सगळा काठ हसला. तुलाही ऐकू आलं होतं. तू मान खाली घातलीस, पण तुझे खांदे हलताना मला दिसले.

मग उमरी झालं, किनवट झालं, अर्धापूर झालं. अर्धापूरच्या एका बागवाल्यानं 'पाव्हन्याच्या देशात केळी नसत्यात' म्हणून तुझ्यापुढं केळी धरली, तर तू पहिलं केळं सालीसकट चावलंस! घरी आल्यावर ते सांगताना अव्वाला आणि मला किती हसवलंस. प्रत्येक गावात हरत होतास, तरी हसवत होतास. टीम येणार होती ना.

आणि मग नांदेड.

तिथंही मी आले होते. तुझ्या अंगात ताप होता. तिसरी फेरी सुरू झाली, तू ठरल्याप्रमाणं एका गुडघ्यावर बसलास, हात खाली सोडलेस आणि म्हणालास, "साकु. साकु." पुरे. तापात तुझ्या तोंडातून घरची कानडी आली. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "कोन्ती भाषा बोलून राहिला बे हा?" त्याला कळली नाही. बळवंतला कळली होती. अव्वाकडं पाणी मागणाऱ्या माणसाला साकु कळत नाही? त्यानं तुझ्या तोंडाकडं बघितलं, एक पाऊल मागं गेला आणि सगळा जोर लावून डाव्या कानावर मारलं. बसलेल्या माणसाला! पंच त्याचाच. लोकांनी टोप्या उडवल्या.

त्या कानानं तुला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

पुढं संघटना झाली. बाप अध्यक्ष, मुलगा सचिव. आपण दोघं निवडीला गेलो. व्हरांड्यात तो तुझ्या चांगल्या कानाशी लागला, मी त्याच बाजूला उभी होते, म्हणून मलाही ऐकू आलं. "तू हौशी राहिला न्हाईस. बिदागी घेऊन खेळलास. व्यावसायिक झालास. नियमात बसत न्हाई."

"मी कुठं खेळलो? नाव दाखव."

"तेच म्हनतो. आत जाऊन सांग की समद्यांला, हंगेरीचा कोन होता ते. मंग तुझं पुन्याचं पन खोटंच ठरंल."

तू माझ्याकडं वळलास आणि म्हणालास, "चल, तंगी." कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. पुन्हा ग्लोव्हज घातले नाहीस. जन्मभर धान्याच्या मोंढ्यात तराजूपाशी बसलास, गिऱ्हाइकाकडं उजवा कान करून.

का गप्प बसलास, अण्णा? मी किती वेळा विचारलं. तुझं एकच, "सोड की. त्यानं एकदा मारलं. तू रोज कशाला मार खातीस?" तुला सोडता आलं असेल. मला नाही. तो दर गणपतीत, दर शाळेच्या बक्षीस समारंभात तीच गोष्ट सांगत आला. "तो हंगेरियन मला साकु साकु म्हणून डिवचत होता. मग मी दिला ठेवून." टाळ्या! शिक्षिका म्हणून मुलांची रांग सांभाळत मी त्या टाळ्या ऐकल्या आहेत.

तू गेलास तेव्हा तो आपल्या दारात आला. हात जोडले आणि चार माणसांत, ओळखच नसल्यासारखं, मला विचारलं, "काय करायचे भाऊ आपले?"

काय करायचे! त्या दिवशी माझं ठरलं. फ्लेक्सनं फक्त वार सांगितला.

रविवारी मी जाणार आहे. एकटी नाही. उदगीरच्या माझ्या कानडी बोलणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलंय, त्यांच्या आयांनाही. पुढच्या दोन रांगा आपल्या असतील. साकु म्हणजे काय हे त्यांतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तो ती गोष्ट सांगणारच, त्याच्याकडं दुसरी आहेच कुठं? शब्द त्याच्या तोंडातून निघाला की मी उठणार आणि अर्थ विचारणार. तो सांगणार नाही. मग समोरच्या रांगा सांगतील. पुढचं मी सांगेन, कोरड्या तळ्यापासून व्हरांड्यापर्यंत.

तू सोड म्हणशील. या वेळी ऐकणार नाही. तो म्हातारा झालाय, हात थरथरतात, नातवंडं समोर बसलेली असतील. असू देत. मला तेच हवंय. त्यानं माफी मागितली तर मी देणार नाही. ती द्यायची तर तू द्यायचीस आणि तू आता नाहीस.

मी तुला शब्द देते, अण्णा. माईकवरून, त्याच्या स्वतःच्या तोंडून, तुझं नाव, वडिलांचं नाव आणि 'राहणार उदगीर' आल्याशिवाय मी खाली बसणार नाही. त्यांनी दिवे घालवले तरी उभी राहीन.

तुझी,
सुमन